काडतूस घरी भरू नका. मृगाआधी बंदुका तपासून मिळाव्यात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परदेशी रायफलींचे व्हिडिओ सध्या कोकणात मोबाईलवर फार फिरतात. जुन्या जर्मन माउझर ॲक्शनवर (काडतूस आत घेऊन नळी मागून बंद करणाऱ्या यंत्रणेवर) नवी नळी चढवायची, अक्रोडाचा दस्ता कोरायचा, टेबलावरच्या प्रेसवर एकेक काडतूस हाताने भरायचे आणि शंभर मीटरवर रुपयाएवढ्या गोलात गोळ्या बसवायच्या. कारागिरी म्हणून ते खरोखर बघण्यासारखे आहे. पण ते बघून देवगड, राजापूर, सावंतवाडीकडचे राखणीची बंदूक बाळगणारे शेतकरी आता विचारू लागले आहेत, की आपलीही रिकामी काडतुसे घरी भरता येतील काय? काडतूस महाग, दुकान जिल्ह्याच्या ठिकाणी, परवान्यावर संख्येची मर्यादा, आणि भाताला लोंब्या आल्या की डुकरांचा कळप एका रात्रीत कुणगा लोळवून जातो. प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. उत्तर मात्र स्वच्छ 'नाही' असे आहे, आणि त्यामागे केवळ कायदा नाही.

कायद्याचे आधी थोडक्यात सांगतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्र किंवा दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो. शेतकऱ्याच्या परवान्यात तो अधिकार येत नाही. काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेसुद्धा कायद्याच्या व्याख्येत 'दारूगोळा' या सदरातच धरली आहेत, म्हणजे परदेशातून मागवलेली प्रेस हे निरुपद्रवी अवजार ठरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीची शिक्षा किमान ७ वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे. शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. वन्यजीव कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे आणि पिकाच्या नुकसानीसाठी त्याला मारायचे तर कलम ११ खाली वन खात्याची परवानगी हातात असावी लागते. गवा आणि हत्ती अनुसूची १ मध्ये आहेत, त्यांच्या बाबतीत बंदुकीचा विचारही नको.

आता मुद्द्याचे. व्हिडिओत जे दिसते त्यापेक्षा न दिसणारे जास्त आहे. मध्यम बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) शिकारी रायफलींत दोन काडतुसे जगभर नावाजलेली आहेत. एक ९.३ बाय ६२, जे बर्लिनच्या ओटो बॉकने १९०५ साली माउझर ॲक्शनमध्ये बसेल असे बेतले, आणि दुसरे पॉइंट ३७५, जे लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने १९१२ साली आणले. युरोपीय मानकाप्रमाणे पहिल्याचा कमाल दाब ३,९०० बार (इथे बार म्हणजे दाब मोजण्याचे एकक) आणि दुसऱ्याचा ४,३०० बार धरला जातो. मोटारीच्या चाकात हवा असते ती दोन-सव्वादोन बार. नेहमीच्या बारा बोअरच्या काडतुसाला हीच मर्यादा ७४० बार आहे. म्हणजे आपली दुनळी (दोन नळ्यांची छर्ऱ्यांची बंदूक) मुळात फार हलक्या दाबासाठी घडवलेली असते, आणि तिच्या नळीची भिंत मधल्या भागात हाताला जाणवेल इतकी पातळ असते.

परदेशांत घरी काडतूस भरणारा माणूस दारू ग्रेनमध्ये मोजतो. एका पौंडात ७,००० ग्रेन, एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम, आणि तराजू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत दाखवणारा. दारू बनवणारी कंपनी तक्ता छापते. त्यातल्या कमाल आकड्याला तो सुरुवातीलाच हात घालत नाही. बरेच खालून सुरुवात करून केसच्या (काडतुसाच्या कवचाच्या) बुडावरची, टोपीवरची (घाव बसताच ठिणगी देणाऱ्या भागावरची) चिन्हे बघत हळूहळू वर जातो. दारूचा प्रकार, गोळीचे वजन, टोपीचा बनाव किंवा केसची जाडी यांतले एक जरी बदलले तरी सगळे पुन्हा पहिल्यापासून. पितळी केस प्रत्येक बाराला ताणली जाते. बुडापासून साधारण बोटभर वर आतून खाच पडू लागते आणि बाहेर चकचकीत कडे दिसते. बारीक तारेचे टोक वाकवून ते आतल्या भिंतीवरून फिरवले, की खाच अडकून कळते. तिकडे दुर्लक्ष झाले तर पुढच्या बाराला केस दोन तुकड्यांत तुटते आणि गॅस बोल्टमधून (नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्यातून) मागे, थेट डोळ्यांकडे येतो. जर्मनीत स्वतःपुरती काडतुसे भरायलाही अभ्यासक्रम पुरा करून स्फोटक कायद्याखालचा दाखला घ्यावा लागतो, आणि नवी नळी चढवलेली रायफल सरकारी चाचणीगृहात जास्त दाबाचा बार काढून, ठसा मारून घेतल्याशिवाय विकता येत नाही. व्हिडिओत यातले काहीही येत नाही.

आपल्या हवेचा मुद्दाही यात येतो. बिनधुराची दारू उष्णतेत जास्त जोर करते. इंग्लंडच्या थंडीत बेतलेले कॉर्डाइटचे (जुन्या ब्रिटिश बिनधुराच्या दारूचे) काडतूस हिंदुस्थानच्या उन्हात दाब वाढवते, हे जुन्या ब्रिटिश कंपन्यांना पुरते ठाऊक होते. म्हणून त्या उष्ण देशांसाठी दारू कमी घातलेली काडतुसे वेगळी विकत. मे महिन्यात कातळावर उभ्या केलेल्या जीपमध्ये राहिलेले काडतूस हात लावता येणार नाही इतके तापते. तिथे परक्या देशातल्या तक्त्यावर विसंबून हाताने भरलेला बार काय करील, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे फटाके फोडून काढलेली दारू वापरणे, किंवा बारा बोअरच्या काडतुसातली दारू काढून ठासणीच्या (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या) बंदुकीत घालणे. ठासणीची बंदूक काळ्या दारूसाठीच असते. बिनधुराची दारू मापाने तेवढीच घातली तर दाब कितीतरी पट चढतो आणि नळी मागच्या, बार बसतो त्या बाजूला, म्हणजे डाव्या हाताच्या पंजाशी फाटते. फटाक्याच्या मिश्रणात तर काही प्रकार असे असतात, की ते नळीत जळत नाहीत, फुटतात. आणि गजाने ठासताना घर्षणानेसुद्धा पेट घेऊ शकतात. रंगावरून, दाण्यावरून दारू ओळखता येते असे समजू नये. दोन अगदी सारख्या दिसणाऱ्या दारूंचा वेग वेगवेगळा असतो.

मग बार फुसका का जातो? दोष बहुतेक वेळा दारूच्या मापात नसतो. तो ओलाव्यात, जुन्या चेंबरमध्ये (नळीच्या ज्या मागच्या भागात काडतूस बसते त्यात) आणि नळीच्या निगेत असतो, आणि त्यावर हातातले उपाय आहेत.

काडतुसांपासून सुरुवात करू. कागदी केसचे काडतूस आपल्या जुलैच्या हवेत फुगते, चेंबरमध्ये अर्धे जाऊन अडकते. ते गजाने ठोकून काढू नये, टोपीवर घाव बसला तर तिथेच उडेल. प्लास्टिकची केस ओलावा जास्त सोसते, पण पितळी बुडाला हिरवा कळंक चढला असेल तर ते काडतूस बाजूला काढून दुकानदाराकडे जमा करावे. काडतुसे रबरी कडा असलेल्या घट्ट डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत. पुड्यांतल्या दाण्यांचा रंग बदलला की दाणे वेगळ्या भांड्यात मंद आचेवर कोरडे करून पुन्हा भरावेत. काडतुसे मात्र चुलीवरच्या माळ्यावर किंवा कौलावर उन्हात वाळवू नयेत. सततच्या उष्णतेने दारू आणि टोपी दोन्ही बिघडतात, आणि एकदा बिघडले की वाळवून परत येत नाही.

घोडा पडला आणि बार झाला नाही, तर बंदूक लगेच मोडायची, म्हणजे बिजागरीवर उघडायची, नाही. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला, जमिनीकडे धरून निदान अर्धा मिनिट थांबायचे. ओल्या टोपीचा बार कधीकधी उशिरा उडतो. आणि आवाज 'फुस्स' असा आला, धक्का नेहमीपेक्षा कमी बसला, तर दुसरे काडतूस घालण्याआधी दोन्ही नळ्या रिकाम्या करून उजेडाकडे धरून आरपार बघायचे. अर्धवट बाराचा डाट (दारू आणि छर्रे यांमधला बोळा) नळीत अडकून राहतो, त्यामागून पुरा बार आला की नळीला कड्यासारखा फुगवटा येतो किंवा ती फाटते. कुंभारमाशीचे मातीचे घरटेही हेच करते. पडवीत खुंटीला टांगलेल्या बंदुकीच्या नळीत ही माशी दोन-तीन दिवसांत घर बांधते. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरमध्ये घातले तर ते चेंबरपुढे सरकून नळीच्या निमुळत्या भागात बसते. बंदूक रिकामी दिसते, वर बारा बोअरचे काडतूसही जाते. हा घोटाळा टळावा म्हणूनच वीस बोअरच्या केसला पिवळा रंग देण्याची पद्धत आहे. घरात दोन्ही बोअर असतील तर डबे वेगळ्या खोलीत ठेवावेत.

चेंबरच्या लांबीची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्याकडे कुणाचेच लक्ष नसते. कोकणातल्या जुन्या घरांत वडिलोपार्जित इंग्लिश बनावटीच्या दुनळ्या अजून आहेत. त्यांतल्या पुष्कळांचे चेंबर अडीच इंची, म्हणजे सुमारे ६५ मिलिमीटरचे असते. आज बाजारात मिळणारी काडतुसे बहुतांशी ७० मिलिमीटरची. ही लांबी मोजतात ती बार झाल्यावर उघडलेल्या केसची. न वापरलेल्या काडतुसाचे तोंड आत दुमडलेले असते, त्यामुळे ते साठ मिलिमीटरच्या आसपासच भरते, जुन्या चेंबरमध्ये अलगद जाते आणि बंदूकही नीट मिटते. बार होताना तोंड उघडून पाच मिलिमीटर पुढच्या निमुळत्या भागात घुसते, वाट अरुंद होते, छर्रे आणि डाट तिथून दाबून जातात आणि दाब वाढतो. एका बाराला नळी फुटेलच असे नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. पण बिजागरी सैल होत जाते. वापरलेली केस हातात घेऊन बघा: तोंडाची कड झिजलेली, ओढल्यासारखी, तंतू निघालेली असेल तर लांबी जुळत नाही असे समजा.

खात्री करायची तर पुढचे लाकूड काढून नळ्या उतरवाव्यात आणि चेंबरखालच्या सपाट भागावरचे ठसे भिंगाने वाचावेत. तिथे चेंबरची लांबी आणि बिनधुराच्या दारूची चाचणी झाल्याचा ठसा असतो. फार जुन्या बंदुकांवर फक्त काळ्या दारूची चाचणी असते. नळीवर पाण्यासारखी वळणदार नक्षी असेल तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून जोडलेली नळी आहे, तिला हल्लीचे काडतूस लावूच नये. ठसे पुसट असतील तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे चेंबरमध्ये घालायचे माप असते, दोन मिनिटांचे काम आहे. त्याच वेळी नळ्या दोरीला टांगून लाकडी दांडीने हलकेच टिचकी मारावी. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर दोन नळ्यांमधली पट्टी पक्की आहे. बद्द किंवा खरखरीत आवाज आला तर डाक सुटलेला आहे, आत पाणी जाते आहे, आणि गंज न दिसणाऱ्या बाजूने नळी खातो आहे.

निगा म्हणून आपल्याकडे सर्रास खोबरेल लावतात. ते खवट होऊन त्यात आम्ल तयार होते, आणि २४ अंशांच्या खाली थिजते. डिसेंबरच्या पहाटे घाटाच्या पायथ्याच्या गावांत टोपीवर आदळणारी सुई पुढे सरकत नाही ती यामुळे. शिवणयंत्राचे पातळ खनिज तेल पुरेसे आहे. रॉकेल फक्त मळ काढायला, कारण ते उडून गेल्यावर पोलाद उघडे पडते. तेलसुद्धा थेंबभरच, चिंधीला लावून पुसायचे, आणि बार काढण्यापूर्वी नळी-चेंबर कोरड्या चिंधीने पुसून घ्यायचे. बंदूक चामड्याच्या किंवा कापडी गवसणीत महिनोन्‌महिने ठेवू नये, गवसणी ओलावा धरते. शक्यतो नळ्या सुट्या करून, तोंड खाली करून ठेवाव्यात, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात मुरत नाही. तेल मुरलेले लाकूड मऊ पडते आणि मनगटाशी चिरते. वेंगुर्ला-मालवणच्या किनाऱ्यालगत खारे वारे वाहतात, तिथे पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पुसणे हे जास्त नाही. घामेजलेल्या बोटांचा ठसासुद्धा पोलादावर गंज होऊन उमटतो.

ठासणीच्या बंदुकीची निगा याहून वेगळी. काळ्या दारूची राख आणि टोपीतले क्षार पाणी ओढून घेतात. तेलाने ते विरघळत नाहीत, तेलाखाली सुरक्षित बसून पोलाद खातात. म्हणून त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुवायची, पाणी स्वच्छ येईपर्यंत, मग कोरडी करायची आणि नंतर तेल. निपल (टोपी बसवायची पोकळ खुंटी) झिजून भोक मोठे झाले असेल तर गॅस मागे येतो आणि टोपीच्या पत्र्याचे तुकडे उडतात. ते बदलून घ्यावे, डोळ्यांवर चष्मा असावा. सगळ्यांत जास्त घात होतो तो भरून ठेवलेल्या बंदुकीने. गजावर एक खूण करून ठेवावी: रिकाम्या नळीत गज किती आत जातो ती. बंदूक हातात घेताना टोपी नाही याची खात्री करून, चेहरा नळीच्या तोंडावर न आणता, गज आत सोडायचा. खूण चार बोटे वर राहिली तर आत बार आहे. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ही खूण दाखवून ठेवा.

दिशेबद्दल एक गोष्ट जरूर लिहितो. एल.जी., एस.जी. सारखे मोठे छर्रे सहा-सातशे मीटरपर्यंत जाऊ शकतात, रायफलीची गोळी तर तीन किलोमीटरच्या पुढे. आपल्या वाड्या विखुरलेल्या, काजूच्या दिवसांत पहाटेपासून माणसे बागेत, आणि जांभ्याच्या कातळावरून गोळी कुठल्याही कोनात उसळते. मागे मातीचा बांध किंवा डोंगराचा उतार नसेल तर चापाला बोट लावू नये.

काही बागायतदारांकडे इशापूरची पॉइंट ३१५ रायफल आहे. तिची ॲक्शन ली-एनफील्डची. तिच्यात बोल्टचे डोके वेगवेगळ्या मापांचे असते आणि ते त्या एका रायफलीशी जुळवलेले असते. बोल्टवरचा क्रमांक आणि रायफलीच्या अंगावरचा क्रमांक एकच हवा. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट आत सरकतो, मिटतोही, पण काडतुसामागची मोकळी जागा बदलते आणि वर सांगितलेली केस तुटण्याची वेळ येते. निवडणुकीत बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, तिथे बोल्ट वेगळे ठेवले जातात, त्यामुळे परत घेताना हा क्रमांक तिथेच, पावतीवर सही करण्याआधी जुळवून बघावा.

जमा करण्याच्या काळाचाही विचार व्हायला हवा. २०२४ साली लोकसभेचा निकाल ४ जूनला लागला, म्हणजे बंदुका परत मिळेपर्यंत मृग उजाडला. तेल न लावता, गोणपाटात एकावर एक रचलेली बंदूक कोकणच्या हवेत महिना-दीड महिना राहिली की नळीत ठिपके पडतात, आणि ठिपक्यांचे खड्डे होतात. सरसकट जमा न करता छाननी समितीने प्रत्येक परवान्याचा वेगळा विचार करावा अशी पद्धत आहे. ती प्रत्येक तालुक्यात खरोखर पाळली जावी.

सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांना विनंती आहे, की वर्षातून दोनदा, आगोटीच्या आधी मेच्या पहिल्या पंधरवड्यात आणि भातकापणीआधी सप्टेंबरअखेर, प्रत्येक तहसीलच्या ठिकाणी पोलीस शस्त्रागारातला आर्मोरर (शस्त्रांची निगा-दुरुस्ती करणारा) आणि एक परवानाधारक दुरुस्तीवाला एक दिवस बसवावा. चेंबरचे माप, नळीतले खड्डे-फुगवटे, बिजागरीचा ढिलेपणा, निपल आणि बोल्टचा क्रमांक एवढे तपासायला एका बंदुकीला पंधरा मिनिटे पुरतात. चेंबरची लांबी परवान्याच्या पुस्तकात बोअरशेजारी लिहावी, म्हणजे दुकानदार चुकीचे काडतूस देणार नाही. खराब, कळंकलेली काडतुसे त्याच दिवशी जमा करून घ्यावीत आणि तेवढी नवी घेण्याची नोंद तिथल्या तिथे करून द्यावी. आज खराब काडतूस परत केले तर वर्षाच्या मर्यादेतून एक कमी होते, म्हणून लोक ते जपून ठेवतात आणि ऐनवेळी तेच वापरतात.

आपला,
एक परवानाधारक बागायतदार, कणकवली तालुका